गेलेल्यांचं आवतण

सरस्वतीबाई धवलारीण सकाळी आठालाच मांडवात येऊन बसली. चहा नको म्हणाली, सूप आणि मूठभर तांदूळ मागितले, आणि घरच्या कर्त्याला बोलवा म्हणून सांगितलं. घरचा कर्ता, म्हणजे संतोष, तेव्हा डीजेवाल्याशी वीज कुठून ओढायची यावरून हुज्जत घालत होता. अक्षदाच्या हळदीचा दिवस. लेकीच्या लग्नात बापाला कुणी विचारत नाही, हाका मात्र सगळे मारतात. बाईचा निरोप आला तशी हुज्जत अर्ध्यावर टाकून तो मांडवात आला.

चामटोलीत आता धवले, म्हणजे लग्नविधीची जुनी गाणी, गाणारी बाई शोधून आणावी लागते. सरस्वतीबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची. ऐंशीला टेकलेली, तोंडात दोन दात, पण गायला बसली की मांडवातल्या पोरी मोबाइल खाली ठेवायच्या. तिची रीत ठरलेली होती. हळद लागण्याआधी दोन धवले व्हायचे. पहिल्यात घरातल्या जित्या माणसांना मान द्यायचा, दुसऱ्यात गेलेल्यांना हळदीचं आवतण धाडायचं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून कर्त्याने एकेक नाव सांगायचं आणि तिने सुपात एकेक चिमूट तांदूळ मांडायचा, जित्यांचा उजवीकडे, गेलेल्यांचा डावीकडे. चिमूट मांडली की नाव डोक्यात बसतं, असं ती म्हणायची, आणि या घरच्या चार लग्नांत तिचं एकही नाव चुकलं नव्हतं.

संतोषने आधी जित्यांची नावं सांगितली. मग गेलेल्यांची. आजा बाळाजी, आजी, थोरला काका शंकर, आणि अकरा वर्षांपूर्वी गेलेले वडील, आण्णा. चौथी चिमूट मांडून बाई सूप उचलायला लागली.

“अजून एक,” संतोष म्हणाला. “संजीवनी.”

बाईचा हात सुपावरच राहिला. संजीवनी ही संतोषची धाकटी बहीण. सव्वीस वर्षांपूर्वी, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने बारवी धरणात जीव दिला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चारही लग्नांत संतोषने बाईला बाजूला घेऊन बजावलं होतं, की पाण्यात गेलेली बिनलग्नाची पोर, तिची आठवण मांडवात नको, नाव घेऊ नका. बाईने चारही वेळा ते मुकाट्याने मानलं होतं.

“चार येलेला नको म्हनलास,” ती म्हणाली. “आज घे म्हनतोस.”

“घ्या.”

“पोरा, जित्या मानसाचं नाव या धवल्यात घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. म्हनून इचारते.”

“माहीत आहे मला,” संतोष सुपातल्या तांदळाकडे बघत म्हणाला. “म्हणूनच आज घ्या म्हणतो.”

बाईने डावीकडे पाचवी चिमूट मांडली, बाकीच्या चारांपासून जराशी लांब, आणि सूप पदराखाली घेतलं. साठ वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात बसलेल्या बाईला घरं काय झाकून ठेवतात ते कळतं, आणि कळलेलं पोटात ठेवलं नाही तर पुढच्या मांडवाचं बोलावणं येत नाही.

खरी गोष्ट अशी होती की संजीवनी धरणात गेलीच नव्हती. ती गेली होती या माघात, अंबरनाथ पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. तिचं आजारपण आठ महिने चाललं होतं. चामटोलीहून अंबरनाथ ते केवढंसं. पण सव्वीस वर्षांत त्या वाटेने या घरातून एकटा संतोष गेला होता, आणि तोही चोरासारखा.

नवरा म्हणजे महेंद्र, याच गावच्या बौद्धवाड्यातल्या धोंडिबाचा मुलगा. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होता. बदलापूरच्या टायपिंगच्या क्लासात दोघांची ओळख झाली आणि वर्षभर कुणाला सुगावा लागला नाही. लागला तेव्हा आण्णांनी जेवण सोडलं, आणि संतोषचा धाकटा भाऊ राजू, तेव्हा चोवीस वर्षांचा, कोयता घेऊन बौद्धवाड्यात जाऊन आला. महेंद्र कारखान्यात होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी भावकी बसणार होती. ती कशासाठी बसणार आणि उठताना काय ठरवून उठणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

कार्तिकातली भाताची झोडणी चालू होती, घरातली सगळी माणसं खळ्यावर होती. संतोषने भरदुपारी बहिणीला लुनावर बसवलं, बदलापूर स्टेशनात महेंद्रच्या हवाली केलं, आणि दोघांना नाशिककडे पाठवून दिलं. एवढ्यावर भागणार नव्हतं. पळालेल्या पोरीला लोक शोधतात, मेलेलीला शोधत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. दिवस मावळायच्या आत तो घरी आला, मागच्या दारी पडलेल्या तिच्या चपला आणि दोरीवरची ओढणी उचलली, आणि धरणाच्या काठावर नेऊन ठेवली.

पुढचं त्याने धरलंच नव्हतं. पाणबुडे चार दिवस पाण्यात उतरत होते आणि त्याची आई, गोजरबाई, चार दिवस काठावर बसून होती. अन्न नाही, पाणी नाही. संतोष तिच्या शेजारी बसायचा. एका वाक्यात तिचं दुःख निवलं असतं आणि त्याच वाक्याने बहिणीच्या मागे माणसं धावली असती. त्याने वाक्य गिळलं. प्रेत मिळालं नाही म्हणून आण्णांनी दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला, आणि जिवंत बहिणीच्या दहाव्याला संतोषने डोकं भादरून घेतलं. ते केस परत आले, पण त्या दिवसानंतर आईच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणं त्याला पुन्हा कधी नीट जमलं नाही.

पाच वर्षांनी महेंद्रला पुन्हा अंबरनाथला काम मिळालं. संतोष तेव्हाही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता, आजही आहे. दर वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संजीवनी तिथे यायची. सिंधी शेठाणी आपल्या घरातून ताट द्यायची, आणि निळ्या कापडाच्या ताग्यांमध्ये उभं करून बहीण भावाला ओवाळायची. पहिल्याच वर्षी संतोष कपाळावरचं कुंकू पुसायला विसरला आणि तसाच घरी आला. त्याच्या बायकोने, संध्याने, नवऱ्याने उल्हासनगरात दुसरं घर केलं असं धरून तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला. शेवटी त्याला खरं सांगावं लागलं. ती आधी हसली, मग रडली, आणि मग पुढची वीस वर्षं नणंदेसाठी फराळाचा एक डबा वेगळा भरत राहिली.

आईला सांगायचं मात्र राहून गेलं. गोजरबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हा या घरातला जुना विनोद. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, सगळं हिच्या तोंडून गावभर व्हायचं. आण्णा असेपर्यंत तिला सांगणं म्हणजे आण्णांना सांगणं होतं. आण्णा गेल्यावर संजीवनी दर भाऊबीजेला विचारायची, दादा, आता आईला सांगूया का. संतोष म्हणायचा, राजू आहे अजून, पुढच्या वर्षी बघू. अशी अकरा पुढची वर्षं गेली आणि बाराव्याला ती थांबली नाही.

म्हणून आज त्याला एवढंच हवं होतं. जिवंतपणी बहिणीला या घराचा उंबरा मिळाला नाही, मेल्यावर तरी तिला घरच्या माणसांबरोबर आवतण जावं. आईला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही असा त्याचा हिशोब होता. आईच्या लेखी संजू सव्वीस वर्षांपूर्वीच गेलेली. उलट लेकीचं नाव मांडवात आलं म्हणून तिला बरंच वाटेल.

संध्याला हे पटलं नव्हतं. न्याहारीची भांडी आत चाललेली असताना तिने त्याला धान्याच्या खोलीत गाठलं. वांगणीची, नवऱ्या मुलाकडची माणसं हळद घेऊन येतील, ती विचारतील ही संजीवनी कोण, मग कुणीतरी आगाऊपणे सगळी कथा सांगेल, असं ती म्हणत होती. नणंदेसाठी माझाही जीव तुटतो, पण आज माझ्या पोरीचा दिवस आहे, लग्न पार पडू दे, मग सरस्वतीबाईला वेगळं बोलावून गाऊन घ्या. संतोषने सांगितलं की गेलेल्यांचा धवला मांडवाशिवाय होत नाही, आणि या घरात पुढचा मांडव कधी उभा राहील कुणाला ठाऊक.

“आणि राजूभाऊजी?” संध्या म्हणाली. “ते ऐकून घेतील?”

राजूभाऊजी दारातच उभे होते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, नवा कुर्ता घातलेला माणूस, हातात पाण्याच्या बाटल्यांचा खोका. त्याने खोका खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. संध्या भावांच्या मध्ये येऊन उभी राहिली. चोवीस वर्षांचा राजू तिने पाहिला होता.

“काय ऐकून घ्यायचंय मी?” राजूने विचारलं.

संतोषला एकाएकी सगळ्याचाच कंटाळा आला. मारायचं तर मारू दे, असं वाटलं. “संजूचं नाव घ्यायला सांगितलंय धवल्यात,” तो म्हणाला. “गेलेल्यांमध्ये. ती धरणात गेली नव्हती राजू, मी पळवली होती तिला. या माघात वारली. अंबरनाथला. आता काय करायचंय ते माझं कर, बाहेर आवाज जाऊ देऊ नको.”

राजू तांदळाच्या गोणीवर बसला. तो कुर्त्याच्या गुंडीशी चाळा करू लागला.

“वारली?” तो म्हणाला. “काय झालं होतं?”

“कॅन्सर.”

“मी बघितली होती तिला,” राजू म्हणाला. “चौदा वर्षं झाली. अंबरनाथ पूर्वेच्या भाजी मार्केटमध्ये. सहा-सात वर्षांची पोरगी होती बोटाला. मेथीचा भाव करत होती, आई घासाघीस करते ना, सेम तशी. मी नारळाच्या गाडीमागे उभा राहिलो.”

“आणि?”

“आणि काय? ती गेली, मग मी पण आलो निघून.” त्याने नाक ओढलं. “कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर मग मला काहीतरी करावं लागलं असतं ना, दादा. सगळे बोलले असते, राजू, तूच गेला होतास ना कोयता घेऊन. मला काही करायचं नव्हतं. पुढं दोन-तीनदा जाऊन उभा पण राहिलो तिथं, नारळवाल्याकडे. परत नाही दिसली.”

संध्या मध्ये उभी होती ती बाजूला झाली. संतोषला भावाच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवता आला नाही. ज्या माणसाच्या भीतीने त्याने अकरा वर्षं आईपुढे तोंड उघडलं नाही, तो माणूस बहीण दिसावी म्हणून भाजी बाजारात उभा राहत होता. याचा राग कुणावर काढायचा तेही त्याला कळेना.

राजूच उठला. खोका उचलून म्हणाला, “नाव घेऊ दे. वांगणीवाल्यांनी विचारलं तर मी सांगतो, माझी बहीण होती म्हणून.” आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तो मांडवात गेला.

दहा वाजता धवले सुरू झाले. अक्षदा पाटावर बसली होती, भोवती सवाष्णी, समोर तांदळाच्या पिठाचा चौक. गोजरबाई नेहमीसारखी सरस्वतीबाईला खेटून बसली होती. आण्णा गेल्यापासून हळदीच्या कामात तिचा हात नसायचा, पण आण्णा होते तेव्हाही, घरच्या प्रत्येक मांडवात, धवलारणीच्या शेजारची जागा तिचीच. म्हातारीला गाण्याची आवड, असं सगळे म्हणत. जित्यांच्या धवल्यात ती बाईच्या मागून ओळी धरत होती, सुनेचं नाव आलं तेव्हा हसत होती. मग बाईने दम घेतला, सूप जरा फिरवलं, आणि दुसरा, पैलतीरी गेलेल्यांचा धवला उचलला.

*मांडव घातला दारी, आवतान धाडा पैल्या घरी,*
*पैल्या घरच्या बालाजी आजाला, या जी हलदीला.*

आजी आली, शंकर काका आला. आण्णांचं नाव आलं तेव्हा गोजरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. धवला तिथे संपायचा. बायका हळदीच्या वाटीकडे वळल्यासुद्धा. पण बाईचा आवाज थांबला नाही.

*पैल्या घरच्या संजूबायला, ये गं हलदीला.*

संतोष मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याचं लक्ष राजूकडे होतं, वांगणीच्या पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांकडे होतं. आईकडे त्याने शेवटी बघितलं. गोजरबाईचं तोंड ओळ धरायला उघडलं होतं ते तसंच राहिलं होतं. ती सरस्वतीबाईकडे बघत होती. सरस्वतीबाईने मान खाली घातली आणि एक सुरकुतलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. गोजरबाई त्या हाताकडे बघत राहिली.

अक्षदाला यातलं काही दिसलं नाही. ती आजकालची पोर, नवऱ्यामुलालासुद्धा नावाने हाक मारणारी. विधवा बाईने हळद लावायची नाही हे तिला मान्य नव्हतं, आणि आज पहिली हळद आजीच लावणार असं तिने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. “आज्जी, ये,” ती पाटावरून म्हणाली. “वाटी घे.”

गोजरबाईने दोन्ही हात मागे घेतले. “नको माय. मी नको.”

बायका समजावू लागल्या. आता कोण मानतं, पोरीची हौस आहे, लावा की. म्हातारी मागे मागे सरकत गेली. वाटीला तर नाहीच, नातीच्या अंगालाही तिने आपला हात लागू दिला नाही. जुन्या वळणाची बाई म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं, अक्षदाचे डोळे मात्र भरले. “थोडं थांब,” गोजरबाई तिला म्हणाली. “मी येते. मंग लावते.” मग ती खांबापाशी आली आणि संतोषकडे न बघता म्हणाली, “मागं ये.”

घराच्या मागे न्हाणी होती, वर पत्रा, खाली घासून गुळगुळीत झालेली फरशी. आता आत टाइल्सचं बाथरूम झालं होतं, न्हाणी भांड्यांपुरती उरली होती. गोजरबाईने पिंपावरचं झाकण काढून पाणी बघितलं आणि लेकाकडे पाठ ठेवूनच विचारलं.

“कवा?”

“काय कवा, आये?”

“मना फसवू नको आता. कवा गेली माजी पोर?”

सव्वीस वर्षं ज्या प्रश्नाची उत्तरं तो मनात घोळवत होता तो हा प्रश्नच नव्हता. “माघात,” तो म्हणाला. “तुला… तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“चौथ्या दिसापासून.” ती फरशीवर बसली, एकेक गुडघा हाताने वाकवत. “पोलिसांनी चपला दाखवल्या ना, त्या मी फेकायला काढल्या व्हत्या. एकीचा अंगठा तुटलेला. नवी जोडी घरात नव्हती. मरायला जानारी पोर नवी चपल घालून जाते नि मोडकी काठावर ठेवते, असं कुठं असतं? कुनी तरी ठेवल्यात, एवढं मना कललं. पन रडायची थांबले असते तर तुज्या बापाला संशय आला असता. म्हनून रडत राह्यले.”

“मीच ठेवल्या हे—”

“ते राजूच्या लग्नात कललं. सरस्वतीबायनं सगल्यांची नावं घेतली, माज्या पोरीचं नाय घेतलं. मनात बोलले, हिला कुनी तरी सांगितलंय. राजू सांगायचा नाय, तुजा बाप सांगायचा नाय. मंग कोन राह्यलं?” तिने ओल्या फरशीवरून हात फिरवला. “तवापासून घरात लगीन कुनाचं का असंना, मी हिच्या शेजारी बसायची. नाव नाय आलं की वाटायचं, बरी हाय पोर. पाच-सात वर्सांनी एकदा खबर मिलायची मना. तेवढी पुरायची.”

संतोष तिच्यासमोर उकिडवा बसला. “मला का नाही विचारलंस?”

“भ्यायली. माज्या तोंडात तील भिजत नाय म्हनता ना सगली? मी इचारलं असतं तर तू बोलला असतास, फुटलं. तिला अजून लांब धाडली असतीस.” ती थांबली. “तुजा बाप गेला, तवा वाटलं आता सांगशील. रोज वाटायचं. तू कामावरनं यायचास, चपला काढायचास, मी बघत बसायची. अकरा वर्सं वाट बघितली रं, बाला.”

तो घाबरला होता ते तिच्या जिभेला, आणि ती जीभ या घरात सगळ्यात घट्ट निघाली. अकरा वर्षांत कुठल्याही रविवारी रिक्षा करून अर्ध्या तासात आईला लेकीच्या दारात नेता आलं असतं. संजू दर वर्षी विचारत होती. हे आईला सांगावं असं त्याला एकदा वाटलं, मग वाटलं की एवढी शिक्षा तरी आपण एकट्याने भोगावी.

गोजरबाईने विचारलं, पोर हाय का तिला. त्याने सांगितलं, एक मुलगी आहे, नर्सिंग शिकते. नवऱ्यानं नीट वागवली का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आठ महिने महेंद्रने तिला पाण्याचा पेला उचलू दिला नाही. ती प्रत्येक उत्तराला मान हलवत होती. मग तिने विचारलं, “ती गेली त्या दिशी मी काय करीत व्हते?”

संतोषला खोटं बोलता आलं असतं. सवय होती. “अक्षदाची सुपारी फुटली त्या दिवशी,” तो म्हणाला. “सुपारी होताच कारखान्याचं निमित्त सांगून गेलो. संध्याकाळी अंबरनाथहून आलो तेव्हा पाहुणे निघाले होते. तू दारात मला पेढा भरवलास.”

“खाल्लास?”

“खाल्ला.”

“मंजे मसनातनं आलास नि तसाच घरात शिरलास? डोक्यावरनं पानी नाय घेतलंस?”

“घेतलं असतं तर तू विचारलं असतंस, आये.”

आता कुठे गोजरबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नव्हता. तिने ते पुसलंही नाही. “उशिरा कललं तरी अंघोल करावी लागते,” ती म्हणाली. “तशीच हलद कशी लावू पोरीला? वत माज्यावर.”

संतोषने पिंपात तांब्या बुडवला. आईच्या पांढऱ्या केसांवर पाणी ओतलं. नेसूचं नवं लुगडं भिजून तिच्या हाडांना चिकटलं, आणि ती किती लहान झाली आहे ते त्याला तेव्हा दिसलं. चार-पाच तांबे झाल्यावर तिने त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला.

“बस खाली.”

“आये, बाहेर पाहुणे येतील आता.”

“येऊ दे. बस.”

त्रेपन्न वर्षांचा तो माणूस हळदीचा इस्त्री केलेला सदरा अंगात तसाच ठेवून फरशीवर मांडी घालून बसला. आईने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, कानामागे हात फिरवला, पुन्हा ओतलं. माघापासून अंगावर असलेलं काहीतरी निघून जात होतं आणि तो लाज सोडून हुंदके देत होता. गोजरबाई त्याला रड म्हणाली नाही की गप्प हो म्हणाली नाही.

वांगणीची माणसं वेशीपाशी आली हे सांगायला राजू मागे आला. दोघांना तसं बघून तो न्हाणीच्या तोंडाशीच थांबला. गोजरबाईने वर बघितलं. हा काही विचारेल म्हणून ती वाट बघत होती. राजूने काही विचारलं नाही. त्याने खिशातला मोबाइल काढून कोनाड्यात ठेवला आणि नव्या कुर्त्यासकट भावाच्या शेजारी येऊन बसला.

गोजरबाई त्याच्याकडे बघत राहिली. या घरात आणखी कुणाला ठाऊक होतं, आणि आणखी कोण एकटं बसलं होतं, हे तिला आता कळत होतं.

“तू पन?” ती म्हणाली.

राजूने मान हलवली.

तिने पिंपातून पाणी काढलं आणि त्याच्या डोक्यावर धरलं. “नाव घेऊन करायची अस्ते ही अंघोल,” ती म्हणाली. “घ्या दोघं.”

सव्वीस वर्षांत त्या तिघांनी ते नाव एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं. संतोषने घेतलं. मग राजूने घेतलं, अर्धंच निघालं, पुन्हा घेतलं. मांडवात कुणीतरी त्यांच्या नावाने हाका मारत होतं. गोजरबाईने ओठ हलवून बघितले, तिला ते घेता येईना. तिने पुन्हा तांब्या भरला, स्वतःच्या डोक्यावर ओतला, आणि नाव येईपर्यंत भरत राहिली.